तळे राखील त्याने पाणी का चाखू नये?

'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण आम्ही सर्वांनी शाळेत पाठ केली आणि पुढे आमच्यापैकी काहींनी ती शिकवलीही. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाखाली जो अर्थ लिहिला की पूर्ण गुण मिळतात, तो असा : ज्याच्या हाती एखादे काम सोपवलेले असते तो त्यातून आपला थोडाफार फायदा करून घेणारच. वाक्यात उपयोग करताना विद्यार्थी हमखास एखादा कारकून, एखादा सरपंच किंवा रेशनचा दुकानदार उभा करतात. भ्रष्टाचाराकडे समजूतदारपणे डोळा मिचकावणारी म्हण, अशीच तिची आज ओळख आहे.

आमचे म्हणणे असे की, हा अर्थ म्हणीच्या शब्दांत नाही. तेथे चोरी नाही, लाच नाही, अफरातफर नाही. एक तळे आहे, ते राखणारा माणूस आहे आणि त्याच्या ओंजळीतले पाणी आहे. राखणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या समाजातच अशी म्हण घडू शकते. पावसाळ्याआधी पाळीतली घुशींची बिळे बुजवणे, सांडव्यात अडकलेला काटाकचरा काढणे, अपरात्री पाऊस वाढला तर उठून पाळीवर जाणे, उन्हाळ्यात गाळ उपसणे आणि कोणाच्या शेताला किती वेळ पाणी सुटेल याचा हिशेब भांडण न होऊ देता सांभाळणे, एवढे सगळे त्या एका क्रियापदात येते. हे करणाऱ्याचा पाण्यावर हक्क आहे असे कोणी म्हटले, तर त्यात मिश्कील हसण्यासारखे काय आहे? म्हणीचा 'मूळ' अर्थ हाच होता, असा दावा आम्ही करत नाही. तो कोशकारांचा प्रांत. परंतु तिच्या शब्दांना हा अर्थ सहज पेलतो आणि तरीही तो आम्हांला सुचेनासा झाला, ही गोष्ट तपासण्याजोगी वाटते.

ती तपासताना आम्ही ज्या निष्कर्षाला आलो तो थोडक्यात सांगून टाकतो. आज तळे राखण्याचे काम एकाकडे आणि पाणी चाखण्याचे दुसऱ्याकडे, अशी व्यवस्था लागली आहे. राखण्याची अपेक्षा स्वयंसेवकांकडून, तीही फुकट आणि रविवारपुरती. चाखण्याचे काम सुशोभीकरणाचे कंत्राट घेणाऱ्याकडे आणि काठावर भूखंड पाडणाऱ्याकडे. आणि ज्यांचे पोटच तळ्यावर आहे, ते मासेमार, धानाचे शेतकरी आणि काठावर गुरे चारणारे या दोन्ही याद्यांत नाहीत. 'लोकसहभाग' या गोड शब्दाखाली चाललेल्या या वाटणीला आमचा विरोध आहे. आम्ही स्वतः त्या वाटणीत काही काळ सामील होतो, म्हणून हा विरोध थोडा अधिकच तीव्र आहे.

*

पूर्व विदर्भातील एका तालुक्याच्या गावी एका जुन्या तळ्यावर आम्ही काही भाषाशिक्षक आणि आमचे विद्यार्थी दोन उन्हाळे श्रमदान करत होतो. पहिल्या वर्षी काठावरची बेशरम तोडली. बेशरम ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. कुंपणासाठी आणि जांभळट फुलांच्या हौसेखातर ती आपल्याकडे लावली गेली आणि मग कोणाच्याच हाती राहिली नाही. जनावर तिला तोंड लावत नाही, आणि तोडलेली कांडी ओल्या मातीवर पडली तरी रुजते. आम्ही तोडलेल्या कांड्या तळ्याच्या पोटातच ढीग करून ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षी तेथे काय उगवले हे सांगायला नको. आमच्या श्रमदानाची स्थानिक वृत्तपत्रात सचित्र बातमी आली होती आणि 'तळ्याने घेतला मोकळा श्वास' हा तिचा मथळा आमच्यापैकीच एकाने सुचवला होता.

दुसऱ्या वर्षी आम्ही अधिक शास्त्रशुद्ध झालो. बेशरम मुळासकट उपटली, वर्गणी काढून यंत्र लावले, थोडा गाळही काढला. त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि तळे मात्र निम्मेसुद्धा भरले नाही. आम्ही पाळीवर उभे राहून पावसाच्या आकडेवारीची चर्चा करत असताना काठावर जाळे घेऊन बसलेल्या एका वयस्क ढीवर बाईने विचारले, "गुरुजी, पानी त वरून येते. तुमी खालीच काऊन झाडून राह्यले?" मग तिनेच हात करून दाखवले. वरच्या अंगाला झुडपी जंगलाच्या कडेने एक नवा रस्ता झाला होता. रस्त्याखालून नाल्याला वाट ठेवलेली होती खरी, पण ती इतकी उंचावर की पाणी तिच्यापर्यंत चढण्याऐवजी रस्त्याच्या कडेने वळून भलतीकडे जात होते. त्याच्या पलीकडे ले-आउटचे दगड रोवलेले होते. दोन वर्षांत आमच्यापैकी एकही माणूस त्या बाजूला फिरकला नव्हता. तळे म्हणजे पाणी दिसते ती जागा, एवढीच आमची समजूत होती.

आम्ही सगळे मराठीचे शिक्षक. 'येवा' हा शब्द आमच्या कोशात होता. येणारे पाणी आणि ते जेथून येते ती वाट अशा दोन्ही अंगांनी तो आम्ही वाचलेला होता. तळ्याचा येवा पाहायला जावे, हे मात्र आम्हांला सुचले नाही. शब्द जिभेवर असून वस्तू डोळ्यांपुढे नसणे हा आमच्या व्यवसायाचा जुना रोग आहे, आणि त्याची किंमत या खेपेला एका तळ्याने मोजली.

*

ज्या प्रदेशात हे घडले त्याचा इतिहास थोडा सांगणे आवश्यक आहे, कारण तो मराठी वाचकाला फारसा शिकवला जात नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत सुमारे सात हजार जुने तलाव आहेत. त्यांतले पुष्कळसे दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे किंवा त्याहूनही जुने. गोंड राजांच्या आश्रयाने आणि पुढे भोसल्यांच्या अमलात ते उभे राहिले, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष मानले जाते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधवला, असे सांगितले जाते. बांधण्याची रीत अशी : टेकड्यांच्या कुशीतून उतरणारे पाणी जेथे एका अंगाने अडवता येईल तेथे मातीची पाळ घालायची, शेताला पाणी सोडायला पाळीत 'तुडूम' ठेवायचे, जास्तीचे पाणी एका कडेने सांडू द्यायचे आणि ते खालच्या तलावात किंवा बोडीत जाईल अशी वाट ठेवायची. म्हणजे एक तलाव दुसऱ्याचा येवा होता. वरचा फुटला तर खालचा धोक्यात येई आणि वरचा कोरडा राहिला तर खालचाही कोरडा राही. सुटे, एकएकटे तळे ही कल्पनाच या रचनेत नव्हती.

मालगुजार म्हणजे महसूल गोळा करणारा जमीनदार. तलाव त्याच्या नावे असत आणि गावकऱ्यांचे निस्ताराचे हक्क, म्हणजे पाणी, चराई, लाकूडफाटा यांचे वापरहक्क, 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तात नोंदलेले असत. हे जिल्हे तेव्हा जुन्या मध्यप्रांतात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे योग्यच झाले; त्याबद्दल आम्हांला तिळमात्र हळहळ नाही. पण जमीनदाराबरोबर राखणीची जी व्यवस्था होती तीही मोडली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, वरच्या अंगाचे जंगल वनखात्याकडे, काठाची जमीन महसूल खात्याकडे, मासेमारीचा ठेका आणखी कोणाकडे. पाणी एकच, पण त्याच्या उतरंडीवर पाच खाती बसली. सरकारी दप्तरात या तलावांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि त्याचे लघुरूप 'मामा तलाव' असे होते. दप्तराने नकळत नात्याचे नाव दिले. पण मराठीत एखाद्याला 'मामा बनवणे' याचा अर्थ काय होतो हे वाचकांना ठाऊकच आहे.

मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीतली काही वर्षे या परिसरात काढली आणि 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक लिहिले. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर त्या वेळी जे लिहिले गेले त्यात 'अरण्यऋषी' हे विशेषण जागोजाग होते. त्यांच्या लेखनातली जी जाण अरण्यात राबणाऱ्या माणसांकडून आली, ती माणसे या विशेषणात दिसत नाहीत. आम्ही मराठी वाचकांनी त्यांचे पक्षी घेतले, चांदणे घेतले, आणि पाखरांची नावे सांगणारे ढीवर आणि गोंड जाणकार 'वातावरणनिर्मिती' या खात्यात टाकून दिले. हे लेखन आम्ही 'ललित' म्हणून अभ्यासाला लावले. त्यात जे ज्ञान आहे त्यावर कोणाचा तरी हक्क आहे आणि त्या ज्ञानाच्या आधारे आजही काही काम करता येते, असा प्रश्न आम्ही कधी परीक्षेत विचारला नाही.

*

ते काम करणारे लोक आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांबरोबर गेली अनेक वर्षे या तलावांवर काम केले आहे. त्यांच्या कामाची रीत आमच्या श्रमदानाशी ताडून पाहावी. त्यांनी आधी जुन्या मासेमारांना विचारले, की पूर्वी कोणते मासे मिळत आणि ते आता का मिळत नाहीत. उत्तर माशांविषयी आलेच, पण त्याहून अधिक वनस्पतींविषयी आले. पाण्याखाली वाढणाऱ्या, पाण्यावर पसरणाऱ्या आणि काठाच्या दलदलीत उभ्या राहणाऱ्या वनस्पती वेगवेगळ्या. कोणता मासा कोठे अंडी घालतो, कोणता पक्षी कशावर उतरतो हे त्यांवर ठरते. बेशरमेने काठ व्यापला, यंत्राने तळ सरसकट खोल खणला, कटला-रोहूचे बीज सोडण्यासाठी मरळीसारखे इतर मासे खाणारे स्थानिक मासे उपद्रवी ठरवले गेले, आणि ही सगळी रचना ढासळली. तेव्हा त्यांनी उन्हाळ्यात बेशरम मुळापासून काढली, तळाची माती मोकळी केली आणि पाऊस पडल्यावर इतर तलावांतून आणलेल्या स्थानिक वनस्पती, त्यांत देवधानही आले, योग्य त्या खोलीवर लावल्या. चिखलात उभे राहून हे काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. अशा तलावांत मासळी वाढली आणि पक्षी परतले.

आम्ही तळ स्वच्छ दिसावा म्हणून गवत उपटत होतो, आणि येथे तळ्यात गवत लावले जात होते. या एका विरोधात दोन दृष्टींचे अंतर पुरेपूर उतरले आहे. आमच्या डोळ्यांपुढे पोहण्याच्या हौदासारखे निळे, मोकळे पाणी होते. त्यांच्यापुढे मासा होता. शिवाय आमच्यापैकी कोणाचे जेवण त्या तळ्यावर अवलंबून नव्हते. आमचा कंटाळा आला की आमचे काम संपत असे. त्यांचे काम कंटाळ्यावर चालत नाही. तळे सुधारले तर जाळ्यात काही येते, बिघडले तर मजुरीसाठी परगावी जावे लागते. राखणीला चाखणीचा आधार असतो तो असा. म्हणीत दोन क्रियापदे शेजारी शेजारी बसली आहेत ती उगीच नव्हे.

गोंदियात सारस क्रौंचाविषयीही हाच अनुभव आहे. महाराष्ट्रात हा पक्षी आता प्रामुख्याने याच पट्ट्यात उरला आहे. त्याचे घरटे धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठच्या दलदलीत असते, म्हणजे बहुधा कोणाच्या तरी शेतातच. गोंदियातील स्थानिक स्वयंसेवकांनी शेतकऱ्यांशी बोलून, त्यांना 'सारसमित्र' करून घरटी राखली. शेतकऱ्याला वगळून सारस वाचवणे येथे शक्यच नव्हते.

*

आता 'सुशोभीकरण' या शब्दाकडे वळू. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तळ्यांसंबंधी जो शब्द मराठी वृत्तपत्रांत सर्वाधिक वापरला गेला असेल तो हाच. त्याचा आशय ठरलेला आहे : चहूबाजूंनी दगडी किंवा काँक्रीटची भिंत, तिच्यावर चालण्याचा पट्टा, रंगीत दिवे, कारंजे, सेल्फीसाठी इंग्रजी अक्षरांत गावाचे नाव. भिंत बांधली की उथळ, दलदलीचा काठ संपतो आणि बहुतेक पाणवनस्पती आणि पाणपक्षी तेथेच जगतात. भिंत चहूबाजूंनी झाली की वरून ओघळणारे पाणी आत येण्याच्या वाटाही बंद होतात. मग कोरडे पडलेले तळे टँकरने किंवा सांडपाण्याने भरण्याची पाळी येते. तळ्याची शोभा त्याच्या येव्याच्या मुळावर उठते ती या रीतीने. 'शोभा' हा सौंदर्यशास्त्रातला शब्द आहे. साहित्याचे शिक्षक म्हणून तो आमच्या अखत्यारीत येतो. या शब्दाचा असा वापर चाललेला असताना आम्ही एकही निषेधाचा लेख लिहिला नाही, उलट उद्घाटनाच्या कविसंमेलनांना हजर राहिलो.

भाषेचा हा घोळ कायद्यातही शिरला आहे. पाणथळींच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये नियम केले आणि २०१७ मध्ये ते बदलून नवे आणले. नव्या नियमांतील पाणथळीच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव, तसेच सिंचन, मत्स्यपालन, मीठ आणि मनोरंजन यांसाठी खास उभारलेल्या रचना वगळल्या आहेत. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी धानासाठी घातलेल्या पाळीमागे आज कितीही पक्षी उतरोत, कितीही माशांनी अंडी घालोत, तो तलाव 'सिंचनासाठी बांधलेला' म्हणून व्याख्येबाहेर. नागपूरच्या फुटाळा तलावातील कारंजे आणि प्रेक्षकसज्जा यांच्या वादात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच व्याख्येवर बोट ठेवले : तलाव मानवनिर्मित आहे, सबब नियमांच्या अर्थाने ती पाणथळ नाही. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की, सार्वजनिक संपत्ती शासनाकडे लोकांची ठेव म्हणून असते हे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते. याआधी २००१ मध्ये आणि २०११ मध्ये याच न्यायालयाने गावतळी ही समाजाची सामाईक संपत्ती असल्याचे सांगून त्यांवरील अतिक्रमणाविरुद्ध निर्णय दिले आहेत. तत्त्व आहे, पण नियमाच्या संरक्षणाला पात्र व्हायचे तर तळ्याने माणसाचा हात लागल्याची कबुली देऊ नये, अशी ही विचित्र अट आहे. निसर्ग म्हणजे जेथे माणूस नाही ते, ही समजूत आमच्या निसर्गकवितेच्या अध्यापनातही मुरलेली आहे. तेव्हा केवळ नियम करणाऱ्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही.

*

येथवर वाचून कोणी म्हणेल, की म्हणजे तुम्हांला जुना गावगाडा परत हवा आहे. नाही. तळ्याविषयी लिहिणारा मराठी माणूस जर 'आपले पूर्वज किती शहाणे होते' या वाक्यावर थांबला, तर त्याने महाड वाचलेले नाही, असे आम्ही समजतो.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले असावेत, असे तो सांगत होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक त्या तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा परतणाऱ्या सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि नंतर शेण-गोमूत्राने तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. कोर्टातले प्रकरण १९३७ पर्यंत, उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालले. ज्यांनी शुद्धीकरण केले ते स्वतःला तळ्याचे राखणदारच समजत असणार. 'समाजाने तळे राखले' असे सहज लिहून जाणाऱ्या प्रत्येकाने हे आठवावे. कोणता समाज, कोणाला वगळून, आणि पाणी चाखण्याची परवानगी कोणाला होती, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज 'लोकसहभाग' हा शब्द उच्चारता कामा नये. मालगुजारी तलावांच्या पाळी ज्यांच्या घामाने उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीजणांची शेते त्या पाण्याने भिजली, हाही प्रश्न त्यातच येतो.

याच परंपरेत जोतीराव फुले आहेत. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला, आणि १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी डोंगरउतारावर जागोजाग ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी नदीला मिळण्यापूर्वी शेतांत मुरवावे, असे सरकारला सुचवले. आज ज्याला पाणलोट विकास म्हणतात त्याची ही मांडणी आहे. हौद खुला करणारा आणि पाणी उतारावरच मुरवा म्हणणारा माणूस एकच आहे, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. पाणी कोठून येते आणि पाणी कोणाला मिळते, हे दोन्ही प्रश्न त्यांनी विचारले. आमच्या अभ्यासक्रमात हे पुस्तक 'शेतकऱ्यांच्या शोषणाचे चित्रण' म्हणून येते. त्यातल्या बंधाऱ्यांवर आम्ही कधी टीप विचारत नाही.

*

काही आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा, की निदान कोणी रविवारी येऊन कचरा तरी काढतो, त्याला नावे कशाला ठेवता? आम्ही त्याला नावे ठेवत नाही. तो आम्हीच होतो. आमचा आक्षेप त्या रविवारच्या कामाने काठावरच्या माणसाची जागा घेण्याला आहे. स्वयंसेवकाचे काम त्या माणसाच्या बाजूला उभे राहण्याचे आहे : येव्याचा नकाशा करणे, नाला वळवला गेला तर अर्ज लिहिणे, माहितीच्या अधिकारात कागद काढणे, ग्रामसभेत तो वाचून दाखवणे. आम्हांला लिहिता-वाचता येते. आमच्या हातातल्या फावड्यापेक्षा या कौशल्याचा तळ्याला अधिक उपयोग होता, हे आम्हांला उशिरा कळले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हक्क दिले की लूट होईल. मच्छीमार संस्थाही अधिक उत्पन्नासाठी चुकीचे बीज सोडतात, शेतकरीही काठ नांगरून गाळपेर वाढवत नेतात. हे खरे आहे. पण हक्क जितका तोकडा आणि बेभरवशाचा, तितकी ओरबाडण्याची घाई अधिक. ज्याचा ठेका पुढल्या वर्षी राहील की नाही ठाऊक नाही, तो देवधान कशाला लावील? २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातील जलाशयांतले मासे व इतर उपज आणि निस्तार यांवरील सामूहिक हक्क मान्य केले आहेत, आणि सामूहिक वनसंपत्तीच्या संवर्धनाचा अधिकारही त्याच कलमात ग्रामसभेला दिला आहे. पूर्व विदर्भातल्या कितीतरी तलावांचा येवा जंगलातच आहे. तेथे तळे आणि येवा, राखणे आणि चाखणे ही चारही एकाच ग्रामसभेच्या हाती येऊ शकतात. जे तलाव जंगलाबाहेर आहेत त्यांच्यासाठी असा कायदा नाही. तो असावा, अशी मागणी आम्ही करतो. आणि त्या ग्रामसभेत ढीवर बायकांचा आवाज नसेल, तर ती चवदार तळ्याच्या जुन्या राखणदारांचीच सभा होईल, हेही बजावतो.

तिसरा आक्षेप या पानाच्या वाचकांचा : साहित्यचर्चेच्या जागी हे कशाला? यावर आमचे उत्तर असे, की 'सुशोभीकरण', 'लोकसहभाग', 'पाणथळ', 'मामा तलाव' या शब्दांनी तळ्यांचे भवितव्य ठरत असताना शब्दांचे जाणकार म्हणवणाऱ्यांनी गप्प राहणे हा आमच्या विषयाचाच अवमान आहे. तुडूम, बोडी, गाळपेर, देवधान, निस्तार हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती पिढी म्हातारी झाली आहे. ते शब्द बोलीच्या यादीत टाचून ठेवले तर ते मेलेल्या फुलपाखरांसारखे राहतील. तळे जगले तरच ते बोलले जातील.

म्हणून आमचे सांगणे अगदी साधे आहे. पूर्व विदर्भातल्या मराठी विभागांनी येत्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन गावच्या तळ्याच्या वरच्या अंगाला जावे, शक्य तर पहिला मोठा पाऊस पडत असताना. पाणी कोठून येते, कोठे अडते, कोणी अडवले, हे पाहावे आणि लिहावे. बरोबर काठावरचा एखादा जाणकार असावा. त्याचे नाव त्या लेखनावर लेखक म्हणून असावे आणि त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी. आणि पुढच्या परीक्षेत म्हणीचा तो जुना प्रश्न आला, आणि एखाद्या मुलीने 'जो तळ्याची राखण करतो त्याचा पाण्यावर हक्क असतो' असा अर्थ लिहिला, तर तिला पूर्ण गुण द्यावेत.